वेल्डर पगारावर की किलोवर? फॅब्रिकेशनच्या शेडमधला खरा हिशेब

कायमचा वेल्डर महिन्याला २०,००० घेतो आणि लेबर ठेकेदार तयार मालाच्या किलोला १२ रुपये मागतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही, तरी भोसरीपासून वाळूजपर्यंत छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांचे बरेच निर्णय याच दोन आकड्यांवर होतात. दोन्ही एकाच मापात आणले की चित्र बदलतं. ते माप म्हणजे किलोमागची मजुरी, आणि तीही वर्षभराची.

आधी पगारी माणूस बघू. शेडमध्ये २० माणसं आहेत, म्हणजे पीएफ लागू आहे असं धरू. वेल्डरचा पगार २०,०००. मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्के, त्यावर विम्याचा अर्धा आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का, एकूण १३ टक्के. १५,००० च्या मर्यादेवर भरला तर १,९५०. ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे ६५०. दिवाळीला एक पगार बोनस द्यायची पद्धत असेल तर महिन्याला १,६६७ बाजूला पडतात. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे ९६२. बेरीज २५,२२९. वर्षाचे झाले ३,०२,७४८.

आता दिवस मोजा. महिन्याला २६ प्रमाणे वर्षाचे ३१२. त्यातून सणाच्या आणि राष्ट्रीय ८ भरपगारी सुट्ट्या आणि १५ हक्काच्या रजा गेल्या की उरले २८९. एका दिवसाचा खर्च १,०४८ रुपये. त्याच पद्धतीने १५,००० पगाराचा हेल्पर दिवसाला ८०६ ला पडतो. वेल्डर-हेल्परची जोडी म्हणजे रोजचे १,८५४ रुपये, मग शेडमध्ये काम असो वा नसो.

ही जोडी मध्यम कामावर, म्हणजे अँगल-चॅनलचे ट्रस (छताच्या कैच्या), कॉलम (खांब), पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या आधारांच्या) क्लीट (जोडायचे छोटे तुकडे) अशा मिश्र मालावर, दिवसाला १८० किलो काढते असं समजू. (तुमचा आकडा तुम्हालाच काढायला हवा. पाच जॉबचं वजन आणि हजेरीचे दिवस लिहून ठेवा, अंदाजाने बोलू नका.) मजुरी पडली किलोला १०.३० रुपये. ठेकेदाराच्या १२ पेक्षा स्वस्त. पण आठ महिने पूर्ण काम आणि चार महिने निम्मं, अशी वर्षाची चाल असेल तर सरासरी १५० किलोवर येते आणि दर होतो १२.३६. इथे ठेकेदार स्वस्त झाला. दोघे बरोबरीला येतात ते १५५ किलोच्या आसपास, म्हणजे एका जोडीमागे महिन्याला साधारण पावणेचार टन काम बाराही महिने मिळालं तर.

म्हणून माणसं किती ठेवायची हे ठरवताना सरासरी महिना बघू नका, सगळ्यात ढिला महिना बघा. गेल्या दोन वर्षांची डिस्पॅचची चलनं काढा, महिन्याप्रमाणे टन लिहा. पत्र्याच्या शेडची आणि उभारणीची कामं करणाऱ्यांकडे मार्च ते मे तुडुंब असतो, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाला पावसाआधी छप्पर हवं असतं. जुलै-ऑगस्टला साइट बंद पडते. ढिल्या महिन्यात आठ टन असेल आणि तेजीत वीस, तर दोन जोड्या पगारावर, वरचं सगळं ठेक्यावर. सहा जोड्या पगारावर घेतल्या तर पावसाळ्यात पगार भागवायला तोट्याची कामं उचलावी लागतात, आणि एकदा घसरलेला दर तेच गिऱ्हाईक पुढच्या मार्चलाही मागतं.

उलट चूकही तितकीच होते. सगळंच ठेक्यावर देणाऱ्याच्या हातात होळी आणि छटच्या वेळी शेड रिकामी राहते. उत्तर प्रदेश-बिहारची टोळी एकदम गावी जाते आणि परत येईल तेव्हा तुमच्याकडेच येईल असं नाही. वाटेत कोणी किलोला रुपया जास्त दिला की ती तिकडे उतरते. कोकणातली माणसं असतील तर गणपतीला हाच प्रश्न. डिलिव्हरीची तारीख देताना कॅलेंडर समोर ठेवा.

कोणतं काम कधीच ठेक्यावर देऊ नये

तीन कामं स्वतःच्या पगारी माणसाकडेच हवीत: ड्रॉइंग वाचून मार्किंग, कटिंग लिस्ट आणि वेल्डिंगची तपासणी. एखाद्या छोट्या शेडला एकच माणूस पगारावर परवडत असेल तर तो वेल्डर नसावा, मार्किंग करणारा फिटर असावा.

कटिंगचं उदाहरण घ्या. १०० मिमीचा चॅनल मीटरला ९.५६ किलो. तुम्हाला २.३ मीटरचे २० तुकडे हवेत. १२ मीटरच्या बारमधून पाच निघतात आणि अर्धा मीटर उरतो. चार बारमध्ये काम होतं, उरतात २ मीटर, म्हणजे १९ किलो. ६ मीटरच्या बारमधून दोनच निघतात आणि १.४ मीटर उरतो. दहा बार लागतात, उरतात १४ मीटर, म्हणजे १३४ किलो. ठेकेदाराला तयार मालाच्या किलोवर पैसे मिळतात. उरलेला तुकडा कुठे जिरवायचा याचा विचार करायला त्याला कुणी पैसे देत नाही, आणि माल तुमचा आहे. मजुरीत किलोमागे रुपया वाचवून लोखंडात त्याच्या दुप्पट घालवणं असंच घडतं. कटिंग लिस्ट तुमच्या माणसाने बनवायची आणि ठेकेदाराला आखलेला बारच द्यायचा.

वेल्डिंगचं तर फार जवळून बघायला हवं. ड्रॉइंगवर ६ मिमी फिलेट (कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड) आहे. त्याच्या त्रिकोणी छेदाचं क्षेत्रफळ १८ चौरस मिमी. वेल्डरने ४ मिमीचा मारला तर ते ८ होतं. म्हणजे रॉड आणि वेळ निम्म्याहून जास्त वाचला, आणि थ्रोट (वेल्डची सगळ्यात कमी जाडी) ४.२ मिमीवरून २.८ वर आला. जोडाची ताकद एक तृतीयांश गेली. वरून ग्राइंडर फिरवून प्रायमर मारला की नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही. किलोच्या दरात हा मोह आतच बसलेला आहे, कारण वेल्डचं वजन जवळजवळ काहीच भरत नाही. ठेकेदार वाईट आहे म्हणून हे होतं असं नाही, दर तसा लावलाय म्हणून होतं. उपाय साधा आहे: फिलेट गेज (वेल्ड मोजायची पट्टी) खिशात, तपासणी प्रायमरच्या आधी, आणि पास झालेल्या मेंबरवर (सांगाड्याच्या तयार भागावर) तुमच्या माणसाचा पेंटने नंबर. नंबर नाही तर बिलात वजन नाही.

रॉड कोणाचे, हा आणखी एक कायमचा वाद. ठेकेदाराचे असतील तर तो वेल्ड बारीक करतो, तुमचे असतील तर उधळतो. दोन्हींत तुमचे असणंच बरं, कारण उधळपट्टी मोजता येते आणि बारीक वेल्ड आत लपतो. ४५० मिमीचा रॉड ५० मिमीपर्यंत वापरायचा असतो. १०० मिमी उरवून फेकला तर वापरण्याजोग्या लांबीचा आठवा हिस्सा वाया गेला. जुने तुकडे डब्यात परत आले की नवं पाकीट द्यायचं, एवढा नियम पुरतो.

किलोचा एकच दर सगळ्या कामाला लावू नका. दीड किलोच्या क्लीटला मार्किंग, कटिंग, दोन भोकं आणि ग्राइंडिंग लागतंच, आणि १५० मिमीच्या बीमचा एक मीटर, म्हणजे १५ किलो, जवळजवळ आयता मिळतो. दर सरसकट असेल तर टोळी आठवडाभर बीम-कॉलम उरकते, बिल उचलते, आणि क्लीट-ब्रॅकेट शेवटी तुमच्या गळ्यात पडतात. जिना आणि रेलिंग रनिंग फुटावर द्या, किरकोळ ब्रॅकेट नगावर, आणि फक्त जड माल किलोवर. शिवाय वजन कसं धरायचं ते आधीच लिहा: काट्यावरचं की सूत्राने काढलेलं. ६ मिमी प्लेटचा चौरस मीटर ४७.१ किलो होतो. पण तिरका कापलेला गसेट (सांध्यावरची प्लेट) पूर्ण चौकोन धरून मोजायचा की प्रत्यक्ष आकार धरून, यावर शेवटच्या बिलाला हमखास भांडण होतं.

ठेका दिला म्हणजे सुटलो, हा समज

हा समज सगळ्यात महाग पडतो. नऊ माणसं आपल्या मस्टरवर आणि अकरा ठेकेदाराची, म्हणून पीएफ लागत नाही, असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. तुमच्या आवारात तुमच्या कामावर असलेली ठेकेदाराची माणसंही मोजणीत धरली जातात. पीएफला २० चा आकडा आणि ईएसआयला कारखान्यासाठी १० चा आकडा दोन्ही मिळून बघितला जातो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या तुमच्यावर येते. मालकाने मग ती ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायची. बिल आधीच चुकतं केलं असेल तर कापणार कशातून?

म्हणून महिन्याचं बिल पास करताना तीन कागद हवेत: त्या महिन्याचं पगारपत्रक, पीएफचं माणसांच्या नावांसह विवरण, आणि ईएसआयचं चलन. दोन्ही वर्गण्यांची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. नुसती भरल्याची पावती घेऊन भागत नाही, कारण पावतीवर एकूण रक्कम असते आणि ती त्याच्या दुसऱ्या साइटवरच्या माणसांचीही असू शकते. विवरणातली नावं तुमच्या गेटच्या नोंदवहीशी ताडून बघा. ज्याचं नाव विवरणात नाही, त्याची मजुरी बिलातून रोखून धरा.

दुसरा समज नगावर किंवा किलोवर पैसे दिले की तो कामगार ठरत नाही, असा. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात नगावर शिवणाऱ्या शिंप्यांना दुकानाचे कामगार ठरवलं. शिलाई मशीन दुकानाची होती, आणि काम नापसंत करून परत करायचा हक्क दुकानाला होता. १९७८ मध्ये अलाथ फॅक्टरीच्या प्रकरणात मधला ठेकेदार बाजूला सारून दोर वळणाऱ्या कामगारांचा खरा मालक कारखानाच, असं ठरलं. तुमच्या शेडकडे त्या नजरेने बघा. वेल्डिंग मशीन तुमचं, रॉड तुमचे, हजेरी तुमचा सुपरवायझर घेतो, रजा तोच देतो, ठेकेदार महिन्यातून एकदा बिल न्यायला येतो, आणि त्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही. असा ठेका कागदावरच ठेका असतो. मघाशी रॉड तुमचे ठेवा म्हटलं, त्याचा अर्थ बाकी सगळंही तुमचं असावं असा नाही. मशीन, केबल, ग्राइंडर ठेकेदाराचे असावेत. त्याचा मुकादम रोज जागेवर हवा, आणि तुमच्या सूचना मुकादमाला जाव्यात, प्रत्येक माणसाला परस्पर नाहीत. तुमच्या फिटरने मेंबर तपासावा. कोण किती वाजता जेवायला जातो हे त्याने ठरवू नये.

अपघाताचा आकडा एकदा तरी मांडून बघा. ईएसआयचं संरक्षण नसलेला ठेकेदाराचा ३० वर्षांचा माणूस तुमच्या साइटवर पत्र्यावरून पडून गेला, तर भरपाई म्हणजे मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. वेतन १५,००० पर्यंतच धरतात, तिशीचा गुणक २०७.९८. रक्कम होते १५,५९,८५०. वारस ही मूळ मालकाकडे मागू शकतात. मालकाला ती ठेकेदाराकडून वसूल करायचा हक्क आहे, पण ज्या मुकादमाकडे दोन मशीन आणि एक टेम्पो आहे त्याच्याकडून पंधरा लाख येणार कुठून? माणसं ईएसआयमध्ये नसतील तर डब्ल्यूसी (कामगार भरपाईची) पॉलिसी घ्या आणि तिच्यात ठेकेदाराची माणसं लिहून समाविष्ट करून घ्या. पॉलिसीत जितकी माणसं आणि जितकं वेतन दाखवलंय, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त असेल तर क्लेम अडतो. मे महिन्यात टोळी वाढली की विमा एजंटला त्याच आठवड्यात कळवा. आणि उंचीवर दोन हुकांचा हार्नेस व आडवी लाइफलाइन तुम्हीच द्या; ती ठेकेदारावर सोडायची गोष्ट नव्हे.

पैशाच्या बाजूने ठेकेदारीत चार ठिकाणी पाय अडकतो. गेल्या वर्षी तुमची उलाढाल एक कोटीच्या वर होती तर मालकी हक्काच्या फर्मलाही टीडीएस (बिलातून आधीच कापायचा आयकर) कापावा लागतो: ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १,००,००० च्या वर गेली की कापायचा. पॅन नसेल तर २० टक्के, म्हणून पॅन पहिल्या दिवशी घ्या, मार्चमध्ये नाही. दुसरं, शनिवारी रोख द्यायची सवय: एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही. तिसरं, ठेकेदाराची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे गेले पाहिजेत. ती मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. मार्चअखेर बिल राहिलं तर नफा तेवढ्याने फुगून दिसतो. चौथं, माल बाहेर जॉबवर्कला पाठवला, समजा पावडर कोटिंगला किंवा प्लेट रोलिंगला, तर डिलिव्हरी चलन हवंच आणि माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर पाठवल्या दिवशीच विकला असं धरून जीएसटी मागतात. चलनावर नग आणि वजन दोन्ही लिहा. नुसतं वजन लिहिलं तर भंगार किती परत आलं याचा ताळा लागत नाही.

पगारी माणूस घेताना भीती असते ती पुढे काढता न येण्याची. तेजीपुरता माणूस हवा असेल तर मुदतीची नेमणूक हा रस्ता आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती द्याव्या लागतात, आणि एक वर्ष भरलं की प्रमाणात ग्रॅच्युइटीही. नेमणूकपत्र प्रत्येकाला लेखी हवं. माणूस सोडून गेला किंवा काढला तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. मूळ पगार बारीक ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्तीही आता चालत नाही: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. वरचा हिशेब करताना मूळ पगार ८,००० दाखवून पीएफ-ग्रॅच्युइटी निम्मी धरली असेल तर तो पुन्हा मांडा.

उचलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. कायमच्या माणसाची उचल पगारातून हप्त्याने फिटते. टोळीला मात्र गावाहून आणायला ठेकेदार पन्नास हजार, लाख मागतो आणि ती रक्कम फिटली तर कामातूनच फिटते. ती दिलीच तर बँकेतून द्या, करारात रक्कम आणि वसुलीचा दर लिहा, समजा प्रत्येक बिलातून २० टक्के, आणि पहिली उचल फिटल्याशिवाय दुसरी देऊ नका. शिवाय प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा आणि ते उभारणी होऊन बोल्ट घट्ट झाल्यावर, साइटवरचं टच-अप पेंटिंग संपल्यावरच सोडा. शेडमध्ये बरोबर दिसलेला ट्रस साइटवर भोकांत १० मिमी सरकलेला निघाला, तर गॅसकटर घेऊन वर चढायला टोळीतलं कोणीतरी तेव्हा हजर असायला हवं.